सहदेवची भयंकर पाखरं

सहदेव पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा मी त्याला जवळजवळ हाकलूनच दिलं होतं. नौपाड्यातल्या आमच्या बाल्कनीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता, म्हणून जाळी लावायला त्याला बोलावलं. त्याने ड्रिल मशीन खाली ठेवलं, कुंड्यांच्या मागे वाकून बघितलं आणि पुन्हा मशीन उचललं.

"बाई, आज नाही होणार. मागे दोन अंडी आहेत. दीडेक महिना थांबावं लागेल."

"अरे, कबुतरांचीच ना? मग जाळी मी कोणासाठी लावतेय?"

"तुमचं बरोबर आहे. पण पिल्लं आत राहतात आणि आई बाहेर फडफडत बसते. मी तसलं काम नाही करत."

मला राग आला. पण तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवून एकही विद्यार्थी माझ्याशी पिल्लांच्या बाजूने भांडला नव्हता, म्हणून रागाच्या मागोमाग कौतुकही वाटलं. दीड महिन्याने तो खरंच आला आणि जाळी लावून गेला. त्यानंतर सोसायटीत जाळीचं काम निघालं की मी सहदेवलाच बोलवायची. मी सेक्रेटरी होते, त्यामुळे माझं चालायचं.

सहदेव मूळचा संगमेश्वरकडचा. वडील वागळे इस्टेटमध्ये नटबोल्टच्या कारखान्यात होते, पुढे हाही तिथेच लागला. कारखाना बंद पडला तेव्हा ह्याचं नुकतंच लग्न झालेलं. कोणीतरी म्हणालं, ठाण्यात बिल्डिंगा वाढतायत आणि कबुतरं त्याहून वाढतायत, जाळ्या लाव. हा लागला. गच्चीवरून दोर सोडायचा, फळीच्या झोक्यावर बसायचं आणि आठव्या मजल्यावर लोंबकळत हूक ठोकायचे, असं काम. "भीती नाही वाटत?" म्हणून विचारलं तर म्हणाला, "वर असताना बायको काही बोलत नाही, तेवढंच सुख." त्याची बायको प्राची अगदी मितभाषी आहे हे मला पुढे कळलं.

त्याच्या मोबाइलमध्ये एक वेगळाच खजिना होता. जगातल्या भयंकर दिसणाऱ्या पक्ष्यांचे फोटो. दुपारी जेवायला खाली बसला की सोसायटीतली पोरं त्याच्याभोवती जमायची. आफ्रिकेच्या दलदलीतला, बुटाएवढी चोच घेऊन तासन्‌तास पुतळ्यासारखा उभा राहणारा शूबिल, त्याला हा "हेडमास्तर" म्हणायचा. दक्षिण अमेरिकेतला पोटू, दिवसभर लाकडाचा खुंट बनून बसणारा आणि तोंड उघडलं की डोकंच अर्धं फाटल्यासारखा दिसणारा, तो "जांभईराव". हिमालयातलं दाढीवालं गिधाड हाडं गिळतं आणि लाल मातीत अंग माखून घेतं, हे सांगताना तो स्वतःच हरखून जायचा. पोरं किंचाळायची, मग पुन्हा दाखवा म्हणायची.

"जेवढं तोंड भयंकर तेवढं पाखरू गरीब," असा त्याचा सिद्धांत होता.

"ऑस्ट्रेलियातला कॅसोवरी लाथेने माणूस फाडतो," मी एकदा म्हटलं.

"तो सोडून, बाई," तो लगेच म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पोरांना सांगितलं, की बाईंनी दुरुस्ती केली आहे. मी सांगितलेलं त्याला शास्त्र वाटायचं. मला ते आवडायचं, हेही खरं.

गेल्या सप्टेंबरात ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, जपा, पण घाबरायचं कारण नाही. मी घाबरले. ह्यांचा पलंग खिडकीशी लावला होता आणि त्या खिडकीला लागूनच इमारतीचा डक्ट, म्हणजे पाइपांसाठी सोडलेला उभा बोळ. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. डक्टच्या वर स्लॅब आहे, पण बाजूने हातभर फट मोकळी. दिवेलागण झाली की त्या फटीतून आवाज यायला लागला. फुस्स करून लांबलेला, थांबणारा, पुन्हा सुरू होणारा. छातीत कफ दाटलेला म्हातारा श्वास घेतो तसा.

तीन दिवसांत सोसायटीत बोभाटा झाला. खालच्या मजल्यावरचे मधुभाऊ गच्चीवर जाऊन पाहून आले आणि पांढरेफटक पडून खाली उतरले. "घुबडं आहेत. पांढरी, माणसाच्या तोंडाची." त्यावर रीतसर मीटिंग झाली. एकजण म्हणाले, लक्ष्मीचं वाहन आहे. दुसरे म्हणाले, असेल, पण पार्किंग आपल्याकडे नको. मग मधुभाऊंनी आवाज खाली आणून सांगितलं, की घुबडाला दगड मारायचा नाही. ते तो दगड उचलून नेतं आणि उगाळत बसतं. दगड झिजतो तसतसा मारणारा माणूस झिजत जातो. हे ऐकल्यावर काठी घेऊन वर जायला कोणी तयार होईना. शेवटी मधुभाऊंनाच तोड सुचली. जाळी म्हणजे काही दगड नव्हे. जाळी लावली तर कोणी कोणाला मारलं असं होत नाही. सगळ्यांच्या माना हलल्या. मीटिंगच्या वहीत "डक्टला जाळी लावणे" असं मीच लिहिलं.

सोमवारी सहदेव आला. झोक्यावर बसून त्याने फटीत टॉर्च मारला आणि दहा मिनिटं तिथेच लोंबकळत राहिला. खाली आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते.

"बाई, चार पिल्लं आहेत! हे बघा." फोटोत चार पांढऱ्या लवेचे गोळे, बदामाच्या आकाराची सपाट तोंडं, काळेभोर डोळे. एक मान तिरकी करून थेट कॅमेऱ्याकडे पाहत होतं. खरं सांगायचं तर माझ्या अंगावर काटा आला. "सगळे फोटो मी लोकांचे गोळा केले, बाई. हा पहिला माझा. परदेशात कशाला जायचं, सांगा." मग नेहमीचं बोलला, "महिनाभर थांबा. नाहीतर वनखात्याला फोन करा, ते लोक बघतील. जाळी आत्ता नको."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

बुधवारी संध्याकाळी ह्यांना दम लागला. औषध दिलं, उशा लावल्या, छातीवर हात ठेवून बसले. तेवढ्यात खिडकीवरून मोठं घुबड कर्कश ओरडत गेलं. आणि मी, जिने तीस वर्षं फळ्यावर घुबडाच्या डोळ्याची आकृती काढून दिली, उंदरांचा बंदोबस्त करणारा शेतकऱ्याचा मित्र म्हणून परीक्षेत प्रश्न घातला, ती मी हात झटकून मोठ्याने म्हणाले, "जा! दुसऱ्या कोणाच्या घरी जा!" ह्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा लाज वाटली नाही. ती नंतर आली आणि आजपर्यंत गेलेली नाही.

गुरुवारी सकाळी मी सहदेवला फोन केला. "ये रे, जाळी लाव. काल संध्याकाळी चारही पिल्लं उडाली."

त्याने विचारलं, "चारही?"

"चारही. मी डोळ्यांनी पाहिली. मी बायोलॉजीची बाई आहे रे, मला कळत नाही का?"

"येतो," तो म्हणाला.

तो दिवस मावळताना आला. दोन मोठी घुबडं फटीतून बाहेर पडून गेली, ती जाईपर्यंत झोक्यावर थांबला आणि मग अर्ध्या तासात जाळी ताणून बसवली. चहा ठेवला होता, पण घाई आहे म्हणून न घेता गेला.

पुढचं सांगायला मला जड जातं, पण सांगितलं पाहिजे. आईबाप परत आले. तोंडात उंदीर धरून जाळीला नख्या रुतवून लटकले. आतून फुसफुसाट चालू होता, भूक लागली की जोरात, मग हळू. शुक्रवारी होता. शनिवारी होता. सहदेवचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. जाळीचा एक कोपरा कापायचा तर पाच मिनिटांचं काम. रविवारी ह्यांनी विचारलं, "आत काहीतरी आहे का गं?" मी म्हटलं, "कबुतरं आहेत." सोमवारी आवाज थांबला.

आठवड्याने वास सुटला. जिना झाडणाऱ्या विमलाबाईंना मी गच्चीवर पाठवलं. त्यांनी कठड्यावरून वाकून जाळी एका बाजूने उसवली आणि बादली घेऊन खाली आल्या. "बाई, चार आहेत हो. लहान मुलांसारखी तोंडं." मी बादलीत पाहिलं नाही. कोणाला सांगू नका एवढंच म्हटलं. मधुभाऊ जिन्यात भेटले तर म्हणाले, "बघा, कोणाला धक्का न लावता काम झालं." ह्यांची तब्येत सुधारत होती. ती औषधांनी सुधारत होती हे मला कळत होतं, म्हणून तर त्या सुधारण्याचाही आनंद होईना.

सहदेवची एक पद्धत होती. जाळी लावली की पंधरा दिवसांनी फुकट तपासून जायचा. तसा आला, गच्चीवरून उसवलेली बाजू पाहिली आणि विमलाबाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं. माझ्याकडे न येताच तो जिना उतरून गेला. त्यानंतर माझा फोन त्याने उचलला नाही. पोरांकडून कळलं, की शेजारच्या बिल्डिंगमध्ये कामाला आला होता, पण जांभईराव दाखवा म्हटलं तर म्हणाला, फोटो उडवले.

मला दोन महिने लागले. डिसेंबरात एका रविवारी डोंबिवली पूर्वेला त्याचं घर शोधत गेले. दीड खोलीचं घर. सहदेव जमिनीवर बसून जाळीच्या कडेला दोरी ओवत होता. मला पाहून उठला, खुर्ची पुसून दिली आणि पुन्हा दोरी हातात घेतली. प्राची चहा ठेवायला आत गेली.

मी वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले. "सहदेव, मी खोटं बोलले. पिल्लं उडताना मी पाहिली नव्हती. तुझा काही दोष नाही, हे सांगायला आले."

त्याने वर पाहिलं नाही. "मी सोमवारी पाहिलेली ना बाई. अंगावर नुसती लव. दोन दिवसांत कुठून उडणार? फोनवरच कळलेलं मला."

"मग लावलीस कशाला?"

"झोक्यावरून तुमची खिडकी दिसते. सोमवारी काका दिसले, तोंड उघडं टाकून पडलेले. तुम्ही पदर तोंडात कोंबून उभ्या होतात. मी म्हटलं, बाई खोटं बोलतात म्हणजे आता त्यांच्याच्यानं होत नसणार." त्याने गाठ मारली, ओढून पाहिली. "गुरुवारी मी आत टॉर्च मारलाच नाही. मारला असता तर जाळी लावता आली नसती."

मी त्याला दोषातून सोडवायला गेले होते. निदान तसं स्वतःला सांगत तरी गेले होते. त्याने माझ्यासाठी काय केलं होतं हे कळल्यावर मला तिथे बसवेना आणि उठवेना.

"काका कसे आहेत?" त्याने विचारलं.

"बरे आहेत. रोज सकाळी तलावपाळीला फेरी मारतात."

"चांगलं झालं," तो म्हणाला, आणि त्याला खरंच बरं वाटलेलं दिसलं.

चहा झाला. मी चपला घालत होते तेव्हा तो दारापर्यंत आला.

"बाई, राग मानू नका. तुमच्याकडं परत काही काम निघालं तर दुसऱ्या कोणाला तरी सांगा."

"समजू शकते रे."

"तसं नाही," तो म्हणाला. "तुम्ही बोलावलंत तर मी परत येईन आणि तुम्ही सांगाल ते करीन. म्हणून सांगतो."