सरांची प्रश्नचिन्हं

बसलिंगप्पा कशाकशाला घाबरतो हे सांगत बसलो तर दिवस जाईल. कशाला घाबरत नाही ते सांगतो: फक्त मला. नवी पेठेतल्या एका बोळात त्याचं डीटीपीचं दुकान, शेजारी माझं बाइंडिंगचं. मध्ये एक भिंत, तीही नावाला. लग्नपत्रिका, अहवाल, श्रद्धांजलीची कार्डं तो करतो आणि पानावर एक डाग राहू देत नाही. या टापटिपीनंच त्याचा घात केला.

बारा वर्षांपूर्वी अभिमन्यू सरांनी त्याच्याकडे एक पुस्तिका टाइप करायला दिली. सर निवृत्त शिक्षक, जुन्या पोथ्यांचे वेडे. पुस्तिका होती केदारपंडितावर. सहाशे वर्षांपूर्वी या माणसानं गुरांच्या औषधांचा कानडी ग्रंथ मराठीत आणला, एवढंच नक्की. बाकीची माहिती पोथीच्या शेवटच्या पानावर, आणि ते पान कसरीनं खाल्लेलं. म्हणून सरांनी जन्मसालापुढे प्रश्नचिन्ह टाकलं, गुरूच्या नावापुढे टाकलं आणि जन्मगावापुढे तर दोन टाकली. ते गाव मोहोळजवळचं. नाव मी लिहीत नाही. मलाही लेकरंबाळं आहेत.

मजकूर तपासून व्हायच्या आतच सर गेले. आमच्या धंद्यात लेखक कच्च्या कागदावर प्रश्नचिन्ह करतो ते स्वतःसाठी, हे नंतर बघायचंय म्हणून. छापताना ती काढायचीच असतात. बसलिंगप्पानं सरांवरच्या मायेनं पुस्तिकेतली एकोणीसच्या एकोणीस काढली. पुस्तिका देखणी झाली. बांधली मीच, वाचली मात्र नाही.

गावानं ती डोक्यावर घेतली. पंडितांच्या नावानं कमान उभी राहिली, जयंती सुरू झाली, डीजे आला. मागच्या जयंतीला एका पाहुण्या प्राध्यापकानं भाषणात विचारलं, "पंडित इथलेच कशावरून?" त्याच्या तोंडाला काळं फासून त्याला गावभर फिरवलं. त्याचा व्हिडिओ बसलिंगप्पानं माझ्याच फोनवर पाहिला. तेव्हापासून दुकानापुढे मोटरसायकल थांबली की हा टेबलाखाली काहीतरी शोधायला लागतो. मी त्याची लई चेष्टा केली. आता त्या चेष्टेची लाज वाटते.

गेल्या महिन्यात सरांची मुलगी ऋतुजा त्याच्या दुकानात आली. एका मासिकात लेख आला होता, की अभिमन्यू सरांनी सासुरवाडीचं नाव मोठं करायला पंडितांचं जन्मगाव ठोकून दिलं.

"काका, बाबांच्या हातचे कागद आहेत का हो तुमच्याकडे? बाबा खोटं लिहिणारे नव्हते."

"न्हाईत ताई," बसलिंगप्पा म्हणाला. "कवाच रद्दीत गेले."

ती डोळे पुसत पायऱ्या उतरली. कागद त्याच्या टेबलाच्या खणात होते, हे मला ठाऊक होतं. माझं डोकंच फिरलं.

"बस्या, त्या प्राध्यापकाला गावानं काळं फासलं. सरांना तू फासायलास!"

"गैबीसाब, मला लई भ्या वाटायलंय," तो म्हणाला. "चूक माझी हाय. त्येंनी मला धरलं तर? घरात बायको हाय, पोरगी हाय."

तीन दिवस त्यानं डबा उघडला नाही. चौथ्या दिवशी सकाळी पिशवीत कागद घालून माझ्यापुढे उभा राहिला. "तू संगं चल. एकटा गेलो तर वाटंतनं माघारी फिरंन." रिक्षात तो पिशवी पोटाशी धरून बसला, आणि खरं सांगायचं तर मीही मागून कुणी येतंय का ते बघत होतो.

ऋतुजाच्या घरात शिरताच त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती खाली बसून पानं उलटत राहिली. जन्मगावापाशी तिचं बोट थांबलं. दोन प्रश्नचिन्हं, आणि खाली सरांच्या बारीक अक्षरात ओळ: निश्चित नाही, ठामपणे लिहू नये.

ती हसली. बारा वर्षांनी वडील भेटावेत तशी हसली. मासिकाच्या संपादकांना पाठवायला तिनं पानाचा फोटो काढला. मग तिचं बोट फोनवरच थांबलं.

"काका, आई हल्ली माहेरीच असते. त्या कमानीला लागूनच घर आहे. एकटी असते ती."

तिनं फोटो पुसून टाकला, कागद पिशवीत घातले आणि पिशवी बसलिंगप्पाच्या हातात दिली.

"मग सरांचं काय, ताई?" त्या भित्र्या माणसाचा आवाज चढलेला मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. "सर खोटे पडत्यात की!"

"पडू देत," ती म्हणाली. आम्ही शेवटची पायरी उतरायच्या आत तिनं आतून कडी घातली.