येफेतआबांचा डबा

ज्यूंच्या पेसाख सणाआधी सासुरवाडीच्या साफसफाईत घरात पावाचा कण उरू नये, या उत्साहात एल्कानाने सासरे येफेतआबांचा डबाच भंगारात घातला. चौकोनी, गंजलेला, पोचे आलेला तेलाचा डबा. आपण पुण्य केलं, असं त्याला वाटलं.

पुण्य कसलं! येमेनहून इस्रायलला आल्यावर रोश हाआयिनच्या निर्वासित छावणीत येफेतच्या आईला तो तेलासकट मिळाला होता. तेल संपल्यावर ती त्यावर ताल धरून लग्नाची गाणी म्हणायची. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या सुतकात येमेनच्या ज्यूंनी वाद्यं वर्ज्य केली खरी, पण डबा काही वाद्य नव्हे! संत्र्यांच्या पेट्या भरता भरता येफेतने तोच ताल हातात मुरवला. पन्नाशीत तेल अवीवच्या पोरांनी त्याला आपल्या बँडमध्ये ओढलं आणि डबा लिस्बन, माँट्रियल पाहून आला. विमानतळावर विचारायचे, "यात काय आहे?" येफेत म्हणे, "लग्न."

जगभर वाजवलं, पण स्वतःच्या गावात पहिला कार्यक्रम होता उद्या.

"आबा, नवा डबा आणतो," एल्काना पुटपुटला.

"आण की. बायकोही नवी आण. होदाया माझीच मुलगी, तिला मी समजावतो."

एल्कानाने तीन डबे आणले. येफेतने अंगठी घातलेल्या बोटाने एकेक वाजवून पाहिला. "हा खोकतोय. हा शिंकतोय. आणि हा तर गेलाच, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो."

कुंपणापलीकडून ऐंशी ओलांडलेली रूमियामावशी हसली. "छावणीत तुझ्या आईच्या मागे तेलाच्या रांगेत मीच उभी होते रे. तसलाच डबा आहे माझ्याकडे. पण त्यात पेसाखची मेथी आहे. पेसाखात गहू वर्ज्य, त्याचा एकही दाणा राहू नये म्हणून तीनदा निवडलेली. एकदा बाहेर ओतली, की पुन्हा तीनदा निवडायची."

"मी निवडतो, मावशी!"

"तू? तुला डबा आणि कचरा यांतला फरक कळेना, मेथी आणि गव्हातला कळणार?"

पण डबा दिला तिने.

दुसऱ्या दिवशी येफेतने पहिली थाप मारली आणि पुढच्या रांगेतून रूमियामावशी उठली. येफेतच्या आईचं, नवरीला मेंदी लावतानाचं गाणं तिने सुरू केलं. ते कार्यक्रमात नव्हतंच. बँडची पोरं हात आवरून बसली. गाणं संपेपर्यंत वाजला तो फक्त डबा.

घरी येताना येफेत जावयाला एवढंच म्हणाला, "पुढच्या वर्षीही सफाईला ये हं. फक्त मला आधी सांग."

एल्कानाची मेथी दोनदा निवडून झाली आहे. पेसाख परवावर आला, तिसरी फेरी अजून बाकी आहे, आणि मावशी कुंपणाशी खुर्ची टाकून बसली आहे.