नानांची हिरवी टिक

नाना बिलावर विश्वास ठेवत नसत. बिलात पंखा लिहिला असेल तर ते मान वर करून पंखा शोधत, सापडला की बटण दाबून फिरवून बघत आणि मगच कानावरची हिरवी पेन्सिल काढून बिलाच्या कोपऱ्यात टिक करत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते औरंगपुऱ्यातल्या एका कापड दुकानात स्टुलावर चढून पंख्यावरचा नंबर वाचत होते आणि दुकानाचे मालक मुकाट्याने स्टूल धरून उभे होते. मला वाटलं, हे इलेक्ट्रिशियन असावेत. "नवी इंटर्न का तू?" ते वरूनच म्हणाले. "उभी काय राहिलीस? नंबर लिहून घे."

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षानंतरची सुट्टी होती. कॉलेजला इंटर्नशिपचं सर्टिफिकेट हवं होतं आणि बाबांच्या ओळखीने एका सीएंच्या ऑफिसात मला दोन महिन्यांसाठी घेतलं होतं. एसीत बसून कॉम्प्युटरवर आकडे भरायचे असतील, अशा समजुतीने मी दोन नवे कुर्ते शिवून घेतले होते. सरांनी मला नानांच्या हवाली केलं आणि कुर्त्यांची पहिल्या आठवड्यातच वाट लागली. नाना तिथले सगळ्यांत जुने ऑडिट असिस्टंट. सही सरांची, पण सही करण्याआधी सर कागदावर हिरवी टिक आहे की नाही तेवढं बघत. टिक असली की पुढे एक अक्षर वाचत नसत.

आम्ही इंटर्न मुली त्यांना पाठीमागे 'जाऊन-बघ नाना' म्हणायचो. काहीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं, "मला काय विचारतीस? जाऊन बघ." एकदा मी वैतागून म्हटलं, "नाना, बिल आहे ना समोर!" त्यांनी ते बिल माझ्या कानाजवळ धरलं. "विचार त्याला, पंखा कुठं लावलाय म्हणून. बोलतंय का? नाय ना? मग चल, चप्पल घाल."

वेरूळच्या एका हॉटेलात आम्ही वीस गाद्यांचं बिल घेऊन गेलो होतो. नाना प्रत्येक खोलीत शिरून प्रत्येक गादीवर एकदा बसून उठले. अठरा भरल्या. मालक ओशाळून म्हणाले, "दोन घरी नेल्यात, पाव्हणे आले होते." दुसरा कुणी असता तर हसून सोडून दिलं असतं. नाना त्यांच्या घरी गेले, त्याच गादीवर बसून चहा घेतला, वहिनींच्या हातच्या चहाची तारीफ केली आणि टिक मात्र अठराचीच केली. परतीच्या बसमध्ये मी हसू दाबत होते. नाना खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "माणूस वाईट नाय. पण गाद्या घरी हायेत."

त्यांना हे हिंडणं मनापासून आवडायचं. खांद्याला शबनम, तिच्यात डबा, पाण्याची बाटली आणि पेन्सिलीला टोक काढायचं पातं. गोदामाच्या वॉचमनपासून हॉटेलातल्या धोब्यापर्यंत सगळे त्यांना नावाने ओळखत. ऑफिसातल्या खुर्चीवर मात्र ते दहा मिनिटं टिकत नसत. "इथं बसून काय दिसतंय?" म्हणत आणि निघत.

मे अखेरीला त्यांचा गुडघा सुजला. त्याच दिवशी पडेगावच्या एका गोदामात सरकीची पोती मोजायची होती. त्या पोत्यांवर मालकाने बँकेचं कर्ज काढलेलं होतं, म्हणून माल खरंच आहे का ते बघायचं. नानांनी मला जवळ बोलावलं, कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आज तू जा. थप्पी समोरून चांगलीच दिसती. मागून चक्कर मारायची, विसरू नको." ती पेन्सिल त्यांनी आजवर कुणाला दिली नव्हती. मी रिक्षात ती कानावर खोचून बसले होते, इतका मला आनंद झाला होता.

गोदामाचं छत पत्र्याचं. आत पाय ठेवला तर भट्टीच. पोत्यांची थप्पी पार छतापर्यंत गेलेली, आणि तिच्या नि भिंतीच्या मध्ये एक माणूस कसाबसा आडवा होऊन जाईल एवढी फट. मी समोरची पोती मोजली, रुंदी आणि उंची. आत किती रांगा आहेत ते गोदामाच्या दिवाणजींनी सांगितलं. मी फटीकडे वळले तर ते म्हणाले, "ताई, मागं कशाला जाता? उंदरं लई झालीत. गार काहीतरी मागवतो, बसा." उंदरांची मला भीती होती, कुर्ता भिजला होता आणि संध्याकाळी मैत्रिणीकडे मेंदी होती. मी गुणाकार केला आणि थंड पेय प्यायले.

ऑफिसात नाना पाय खुर्चीवर ठेवून बसले होते. त्यांनी कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "मागून चक्कर मारली का?"

"हो," मी म्हटलं.

एवढं सोपं होतं ते. नानांनी पेन्सिल मागून घेतली आणि टिक केली. स्वतः न बघता केलेली ती त्यांची पहिली टिक होती, हे मला तेव्हा कळलं सुद्धा; पण डोक्यात मेंदी होती.

ऑगस्टमध्ये मी सर्टिफिकेट न्यायला गेले तेव्हा सरांच्या केबिनमधून आवाज येत होता. बँकेची माणसं पडेगावला जाऊन आली होती. थप्पीला पुढच्या दोनच रांगा होत्या, मागे रिकामी पिंपं आणि बांबू रचलेले होते. "मोजायला कोण गेलं होतं?" सर विचारत होते. दार अर्धवट उघडं होतं आणि नानांना मी दिसत होते. माझ्या हातात सर्टिफिकेट होतं, नुकतंच मिळालेलं. 'कामात चोख व प्रामाणिक' ही ओळ नानांनीच सांगून घातलेली होती.

"टिक माझी हाय, सर," नाना म्हणाले.

मला आत जायला चार पावलं होती. मी जिन्याकडे वळले. सर्टिफिकेट रद्द होईल, बाबा काय म्हणतील, एवढंच सुचत होतं. त्याची मला आज लाज वाटते, आणि ती कमी होईल असं वाटत नाही.

सरांनी नानांना काढलं नाही. फक्त बाहेर जायचं बंद केलं. दुसऱ्यांनी बघून आणलेले कागद नानांनी बसून जुळवायचे. ऑफिसातली मैत्रीण फोनवर सांगायची, की शबनम खिळ्याला लटकलेली असते आणि नाना खिडकीकडे तोंड करून डबा खातात. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. ते सर्टिफिकेट दाखवून मी पुण्यात नोकरीला लागले होते. आता माझ्या हाताखालीही मुलं आहेत. ती मोजणी करून आली की मीही विचारते, "मागून चक्कर मारली का?" कुणी चटकन हो म्हटलं की मी चप्पल घालून स्वतः बघायला निघते.

यंदा एका लग्नासाठी संभाजीनगरला गेले, तेव्हा धीर करून सिडकोत नानांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं. नजर अधू झाली होती; नाव सांगितल्यावर ओळख पटली. "जाऊन-बघ नाना म्हणायच्या तुम्ही पोरी, मला ठाऊक होतं," म्हणून हसले. मी बसले, पाणी प्यायले आणि म्हटलं, "नाना, ती पडेगावची थप्पी..."

नाना अगदी तेव्हाच्याच सुरात म्हणाले, "मागून चक्कर मारली होती का?"

"नाही, नाना."

"हां." त्यांनी सवयीने कानामागे हात नेला. तिथे आता काही नव्हतं. "एवढंच तर विचारलं होतं, पोरी. नाय म्हणली असतीस, तर दुसऱ्या दिवशी लंगडत का होईना, मी गेलो असतो."