सुभेदारांची दारं

सुभेदार कुठेही एका दमात शिरत नसत. आधी दार उघडत, मग बंद करत, मग पुन्हा उघडत आणि त्यानंतर चपला काढत. दवाखाना असो, बँक असो, लग्नाचा हॉल असो. माझ्यासाठी वाईला मुलगी पाहायला गेलो तेव्हा आमच्याकडचं वडीलधारं माणूस म्हणून त्यांना बरोबर नेलं होतं. मुलीचे वडील हात जोडून उंबऱ्यात उभे होते. सुभेदारांनी त्यांना जरा बाजूला व्हायला लावलं, दाराची उघडझाप केली, "खालची बिजागरी ढिली हाय" असं सांगितलं आणि मग नमस्कार केला. लग्न तिथेच ठरलं. सासरे अजून म्हणतात, बाकीच्या पाहुण्यांनी आमच्या पोह्यांची स्तुती केली, खरं बोलणारा तो एकटाच.

ते सुभेदार नव्हते. सैन्याच्या इंजिनीअरिंग खात्यात नकाशे काढत काढत ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. पण आमच्या भागात फौजेतून परतलेल्या माणसाला गाव एक-दोन पायऱ्या वर चढवून घेतं. सरकारला जे वीस-बावीस वर्षांत जमत नाही ते पारावर एका दुपारी होतं. ते प्रत्येक वेळी "हवालदार" अशी दुरुस्ती करायचे आणि लोक तो त्यांचा विनय समजायचे. शेवटी आमच्या ऑफिसात तेच नाव पडलं. गेल्या वर्षी ते वारले तेव्हा गावाने लावलेल्या फलकावर ते कॅप्टन झाले होते.

आमचं ऑफिस कऱ्हाडात, एका आर्किटेक्ट साहेबांचं. साहेब, मी आणि सुभेदार, एवढीच माणसं. मी कॉलेजातून सॉफ्टवेअर शिकून आलो होतो आणि मला वाटत होतं की मी त्यांना शिकवणार. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी माऊस हातात घेतला तो रंध्यासारखा, पूर्ण तळव्याने दाबून. पहिले पंधरा दिवस ते फक्त बघत होते. सोळाव्या दिवशी त्यांनी विचारलं, "हे भिंती-बिंती तू काढ. दारं कुठं ऱ्हात्यात यात?"

दारं ज्या ठिकाणी राहतात त्याला आमच्याकडे डोअर स्टाइल म्हणतात. म्हणजे दाराची एक जात ठरवून ठेवायची: चौकट किती रुंद, फळी किती जाड, एक फळी की दोन, काच कुठे, जाळी कुठे. एकदा ती जात ठरली की घरात हवी तिथे ते दार बसवत जायचं. जातीत बदल केला की त्या जातीची सगळी दारं एकदम बदलतात. आमच्यासारखी माणसं सॉफ्टवेअरबरोबर आलेली तयार दारं वापरतात, आणि फारच हौस आली तर त्यांना 'दार नवीन', 'दार नवीन फायनल', 'दार खरंच फायनल' अशी नावं देतात. सुभेदारांनी ती सगळी पुसून टाकली. म्हणाले, ही दारं आपल्या मुलखातली नाहीत. मग वर्षभर बसून त्यांनी आमची दारं घडवली. 'देवघर, जाळीचं'. 'सोपा, दोन फळ्या', म्हणजे ओसरीचं. 'गोठा, खालची फळी वेगळी'. 'सैपाकघर, मागलं, कोंबड्या आत न येणारं'. हे शेवटचं दार बंगल्यात वापरताना मला संकोच वाटायचा, पण मागणी त्यालाच जास्त होती.

त्यांचं एक म्हणणं होतं. "भिंत कुनीबी काढंल गड्या. दार काढाया आधी इचारावं लागतं, हितनं जानार कोन?" हे ते नुसतं म्हणत नसत, खरोखर विचारत. घर बांधायला आलेल्या माणसाला साहेब एलिव्हेशन, म्हणजे घराचं समोरचं चित्र, दाखवत असताना सुभेदार मधूनच विचारायचे, घरात सगळ्यात उंच कोण, धान्याची पोती कोण उचलतं, कपाट आधीच घेतलंय का. लोकांना वाटायचं जनगणना आहे.

बडेजाव त्यांना समजत नसे असं नाही, त्याची त्यांना चीड नव्हती इतकंच. शिराळ्याकडच्या एका बागायतदाराला किल्ल्याच्या दरवाजासारखं दार हवं होतं, पितळी खिळ्यांचं. साहेब खूश झाले. सुभेदारांनी चार दिवस बसून एकेक खिळा काढला, नमुना पडद्यावर फिरवून दाखवला आणि बागायतदाराला अदबीने म्हणाले, "आवं, हे खिळे हत्तीनं धडक मारू नये म्हनून असत्यात. तुमच्यावर कोन चालून येनार हाय?" बागायतदाराने प्रामाणिकपणे विचार केला आणि भावकीत एक-दोन आहेत असं सांगितलं. खिळे राहिले.

त्यांच्या टेबलासमोर भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर लाल शाईत एकच ओळ: माप चौकटीच्या बाहेरून. सॉफ्टवेअर दाराची रुंदी दोन प्रकारे मोजतं, चौकटीच्या आतून किंवा बाहेरून, आणि कशी मोजायची हे जात घडवतानाच सांगावं लागतं. आमच्याकडचे गवंडी चौकटीच्या बाहेरच्या मापाने भिंतीत जागा सोडतात, सुतारही चौकट त्याच मापाने करतो. ऑफिसात पूर्वी कोणी आतून, कोणी बाहेरून मोजायचं, आणि चौकटी भिंतीत मावायच्या नाहीत. सुभेदारांनी हा नियम घातला आणि भांडणं संपली. तीन वर्षांत त्यांची एकही चौकट परत आली नव्हती. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो ते लपवत नसत.

मग आटपाडीकडचं काम आलं. पिढ्यानपिढ्या मेंढरं राखलेलं घर. मुलगा दक्षिणेत जाऊन सोनं गाळायच्या धंद्यात शिरला आणि शेठ झाला. आता गावी बंगला. आम्ही जागा पाहायला गेलो तेव्हा साहेब आणि शेठ दोन तास फक्त पुढच्या दाराबद्दल बोलत होते. सागवान, कोरीव मोर, वर कमान. सुभेदार तेवढ्यात जुन्या घराकडे गेले. मीही मागे गेलो, कारण मोरांचा मला कंटाळा आला होता.

पत्र्याच्या सावलीत शेठचे वडील, तात्या, चाकाच्या खुर्चीत बसले होते. दोन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलेलं. कमरेखाली जोर नव्हता, हात मात्र शाबूत होते, मेंढपाळाचे लांब हात. सुभेदारांनी टेप काढून खुर्ची मोजली. सव्वीस इंच. मग तात्यांना चाकांवर हात ठेवून खुर्ची चालवायला सांगितली आणि कोपरांसकट मोजली. तेहतीस. तात्या हे सगळं कौतुकाने बघत होते.

"काय शिवनार हाय का मला?" त्यांनी विचारलं.

"दार करनार हाय. न्हानीचं."

तात्यांनी आजूबाजूला कोणी आहे का पाहिलं. मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "उचलून नेत्यात मला. पोरं चांगली हायती, न्हाई म्हनत न्हाईत. पर किती येळा हाक मारायची? म्हनून म्या दुपारनंतर पानीच पीत न्हाई."

सुभेदारांनी टेप गुंडाळून खिशात ठेवला.  येताना विट्याला चहासाठी थांबलो तेव्हा ते इतकंच म्हणाले, "तीन फूट मोकळं पायजे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी जात घडवली. नाव 'तात्या'. नेहमीचं न्हाणीचं दार घेतलं, त्याची नक्कल केली, अडीच फुटांचे तीन फूट केले. त्या नकलेबरोबर कागदावरचा नियमही आला, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मीच ते नकाशे छापले. माझ्याही आलं नाही.

वास्तुशांत रविवारी होती. बुधवारी आम्ही शेवटची पाहणी करायला गेलो. पुढचं दार उभं राहिलं होतं. मोर इतके ठसठशीत की कडी शोधावी लागत होती. सुभेदार सरळ न्हाणीकडे गेले. उघडलं, बंद केलं, उघडलं. मग टेप लावला. पुन्हा लावला. मग रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसले.

चौकट बाहेरून बरोबर छत्तीस इंच होती. दोन्ही बाजूंची लाकडं अडीच-अडीच इंच. मोकळी जागा एकतीस. तात्यांना तेहतीस लागत होती. खुर्ची आत जाईल, पण तात्यांचे हात चाकांवर असतील तर नाही. म्हणजे ढकलायला माणूस लागणार, म्हणजे हाक मारावी लागणार.

सुतार घाबरला होता. त्याने नकाशा काढून दाखवला, लिहिल्याप्रमाणेच केलंय. मी माझी चूक कबूल करायची तयारी करत होतो. सुभेदार उठले आणि शेठपुढे जाऊन उभे राहिले, हात मांड्यांना लावून, फौजेतल्या साहेबासमोर उभं राहावं तसे. "चूक माजी हाय. नियम माजा, आन् तो मीच हितं लावला. सुताराला काय बोलू नगा."

साहेबांनी मध्ये पडून सांगितलं की दोन इंचांनी काही बिघडत नाही, असल्या दारातून खुर्च्या जातात. शेठ वाईट माणूस नव्हता. पण फरशा लागल्या होत्या, रविवारी एक पुढारी येणार होते, आणि आता भिंत फोडायची म्हणजे घरभर धूळ. तो म्हणाला, दोन गडी ठेवलेत की खास तात्यांसाठी, उचलून नेतील, काळजी नको.

सुभेदार म्हणाले, भिंत फोडायची गरजच नाही. चौकट काढून टाकू. भिंतीतली जागा छत्तीसचीच आहे. कडा गिलाव्याने साफ करू आणि बाहेरच्या बाजूला पट्टीवर सरकतं दार टांगू. साहेबांना ते पटलं नाही. सगळ्या बंगल्यात सागवानी चौकटी आणि तिथे सरकतं दार, म्हणजे गोडाऊनसारखं दिसेल. शेठनेही मान हलवली. पाहुणे काय म्हणतील?

मला वाटलं, आता सुभेदार पाण्याची गोष्ट सांगतील. ती सांगितली असती तर शेठ जागच्या जागी विरघळला असता. त्यांनी ती सांगितली नाही. ती तात्यांनी त्यांच्याकडे ठेवायला दिली होती.

त्यांनी फक्त विचारलं, "शेठ, सकाळी उठल्यावर तुमी कुनाला इचारून जाता?"

शेठने त्यांच्याकडे बघितलं, मग न्हाणीच्या दाराकडे. साहेबांनी खिशातून फोन काढला आणि त्यात काहीतरी महत्त्वाचं आल्यासारखं केलं. मग शेठ सुताराकडे वळून म्हणाला, "करा."

सुभेदार तिथेच राहिले. सुताराने चौकट मधोमध कापून दोन्ही बाजूंनी अलगद सोडवली. एक फरशी तडकली, बाकीच्या राहिल्या. विट्याहून पट्टी आणि चाकं आली. कडी कुठे लावायची हे ठरवायला सुभेदार स्वतः तात्यांच्या खुर्चीत बसले आणि डोळे मिटून हात पुढे केला. जिथे हात पोचला तिथे खूण. शनिवारी सगळं तयार झालं. दिसायला ते गोडाऊनसारखंच दिसत होतं. साहेब खोटं बोलले नव्हते.

रविवारी मंडप, स्पीकर, जेवणावळी. पुढारी यायला दोन वाजून गेले. साहेबांना शाल-श्रीफळ मिळालं, कंत्राटदाराला मिळालं, मोर कोरणाऱ्याला मिळालं, मोरांचं लाकूड पुरवणाऱ्यालाही मिळालं. मग पुढच्या दारात फोटो ठरला: पुढारी, शेठ आणि मध्ये तात्या. सगळे उभे राहिले. तात्या नव्हते.

शोधाशोध सुरू झाली. मी आत गेलो तर बोळात सुभेदार प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते, न्हाणीकडे पाठ करून. सरकतं दार बंद होतं. दोन्ही गडी भिंतीला टेकून रिकामे उभे होते. आतून तांब्याने पाणी घेतल्याचा आवाज येत होता, सावकाश, एकेक तांब्या.

शेठ घाईने आला. त्याच्या मागे पुढाऱ्यांचा माणूस, घड्याळ दाखवत. शेठने दारावर थाप मारायला हात उचलला.

"ऱ्हाऊ द्या," सुभेदार म्हणाले. "दोन वर्सानं एकटं गेल्यात."

शेठचा हात तसाच खाली आला. तो मागच्या माणसाला म्हणाला, तुमच्या सायबांना सांगा, वडील अंघोळ करतायत, वेळ लागंल. माणूस गेला. शेठ तिथेच बोळात उभा राहिला, स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा.

बऱ्याच वेळाने कडी निघाली. दार सरकलं. तात्या बाहेर आले, केस ओले, सदऱ्याची दोन बटणं चुकलेली, दोन्ही हात चाकांवर. शेठ बटणं नीट लावायला वाकला. त्यांनी त्याला थांबवलं.

"तांब्या भरून पानी आन रं," ते म्हणाले. "तहान लागलीया."

शेठने पाणी आणलं. तात्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि तिथेच, दारात, तो संपेपर्यंत प्याले.