नणंदेच्या फोटोतलं अस्वल

भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. भद्रावतीला कारखान्यात होते आणि आमच्या वस्तीत शहाणे समजले जायचे. बुद्धपौर्णिमेला विहारात भाषण तेच करायचे. आपण देव सोडले, उपास सोडले, घुंगट सोडला, असं एकेक बोट मोडून सांगायचे. मग घरी यायचे आणि फाटकातच खाकरायचे.

ते खाकरले की मी चुलीपुढून उठून मागच्या खोलीत जायचं. लहान भावाच्या बायकोनं भासऱ्यापुढं यायचं नाही, बोलायचं नाही, तोंड दाखवायचं नाही. भाषणात बोटं संपायची, ही रूढी काही मोडायची नाही. लग्न होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि त्यांनी माझी पाठ आणि टाचा, एवढंच पाहिलं होतं. मी मुळातच बुजरी, त्यामुळे मला त्याचा त्रास नव्हता. हसू मात्र यायचं, ते मी पदरात दाबायचे.

त्या वर्षी त्यांनी कॅमेरा आणला. बदली होऊन गेलेल्या कोण्या साहेबाचा जुना. गळ्यात अडकवून ते हागणदारीकडेसुद्धा जायचे, हे मी स्वतः पाहिलं आहे.

नणंदेला मूल गावचं स्थळ आलं होतं, मुलगा शाळेत मास्तर. त्यांनी फोटो मागितला. तिचं हे तिसरं स्थळ. पहिली दोन मोडली होती, रंगावरून. आता हेही गेलं तर पोरीतच काही खोट आहे असं लोक म्हणणार, हे तिला आणि आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. चंद्रपूरच्या स्टुडिओत सरळ फोटो निघाला असता. पण भासरे म्हणाले, "पडद्यापुढं तं कोनीबी उभा राह्यते. आपन पहाडीवर काढू. मांगं आभाळ पायजे."

म्हणून उजाडायच्या आत आम्ही गावामागची टेकडी चढलो. माझा नवरा खाणीत पाळीवर होता, जाऊबाई माहेरी. सासूबाई अर्ध्यावर दम लागून झाडाखाली बसल्या. भासरे आणि नणंद पुढं गेले. मी मागं, डोक्यावर भाकरीचं टोपलं, त्यावर पाण्याची कळशी, त्यावर फडकं. शहाण्यांना आभाळ पाहिजे असलं तरी भूक लागतेच.

दोघं समोरच्या पायवाटेनं गेले होते. मी ओझ्यामुळे मागच्या बाजूच्या सोप्या वाटेनं चढले. वर डोकं काढते तर समोर नणंदेची पाठ, आणि तिच्या पलीकडे भासरे, तोंड थेट माझ्याकडे. एक डोळा मिटलेला, दुसरा कॅमेऱ्याच्या खिडकीत. माणूस खाकरतो, कॅमेऱ्याला खाकरता येत नाही. मी एका हातानं पदर पार हनुवटीपर्यंत ओढला, दुसऱ्यानं कळशी धरली आणि बाजूच्या दगडामागं पळाले. मागून कटकन आवाज आला.

फोटो धुऊन आला त्यात नणंद छान उभी होती. तिच्या खांद्यामागं काहीतरी उंच, काळपट, धुरासारखं पसरलेलं. डोकं हे एवढं, तोंड नाहीच. भासऱ्यांनी फोटो लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "सावली हाये. त्यानं फोटो खुलते." आणि पाठवून दिला. मी दाराआडून ऐकत होते. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सांगणार कोणाला?

पंधरवड्यात मुलाचे मामा एस.टी.नं आले. चहालाही हात लावला नाही. फोटो खाटेवर ठेवला आणि काळ्यावर बोट ठेवलं.

"हा कोन हाये?"

"कोन म्हंजे?" भासरे म्हणाले.

"पटका बांधेल बाप्या दिसून राह्यला, भाऊ. पोरीच्या मांगं, पहाडीवर, इतक्या पहाटचा. आमचे लोक इचारतेत, आमी का सांगाव?"

आमच्या ओसरीवर मग जे सुरू झालं ते आठवलं की मला अजून त्या सगळ्यांची कीव येते. घड्याळजीकडून भिंग मागवलं गेलं. सासूबाई म्हणाल्या, अस्वल आहे, त्या टेकडीवर मोहफुलांच्या दिवसांत येतंच. मामा म्हणाले, "मंग पोरगी अस्वलासंग फोटो काढून राह्यली का?" शेजारचे एक म्हातारे म्हणाले, भूत. आयुष्यभर भुताविरुद्ध बोललेले भासरे त्यावर गप्प बसले. भूत असलं तर बहिणीचं लग्न वाचत होतं ना! मग त्यांनाच ते पटेना, म्हणून तेही अस्वलावर आले. भिंग लावून त्यांनी मामांना अस्वलाचे कान दाखवले. ते माझे कान नव्हते, कळशीचे काठ होते.

नणंद आत माझ्याजवळ येऊन बसली. रडत नव्हती, नुसती पायाचं नख खरवडत होती. हळूच म्हणाली, "वयनी, तू तं मांगूनच आली होती ना? तुले कोनी दिसला का वो?"

तीसुद्धा!

"कोनी नाई वो बाई. मीच हाये ते," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंडात पदर कोंबून हसली. मग तशीच उठून ओसरीवर गेली. "दादा, ते वयनी हाये."

"काहीबी नको बोलू," भासरे म्हणाले. "ते तिथी नव्हती."

"भाकरी कोनं आनल्या मंग?"

"ते मांगं असन कुठी तरी. माह्या समोर ते येतच नाई. इचार आईले."

हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. सासूबाईंनी मान हलवली. मामा हसले, "घरच्या सुनेचा डोकसा इतका मोठा हाये का जी?"

नणंदेचा आवाज फुटला तेवढ्यात. कोणी मान दाबल्यावर येतो तसा. मी उठले. टोपलं घेतलं, त्यावर कळशी, त्यावर तेच फडकं. पदर हनुवटीपर्यंत ओढला. परसदारानं बाहेर पडून घराला वळसा घातला आणि त्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून, गोठ्यापासून विहिरीपर्यंत, टेकडीवर धावले होते तशी धावले. मला आयुष्यात चारचौघांत मोठ्यानं शिंकताही आलं नव्हतं. कळशीतलं पाणी पाठीवर सांडलं.

मागून मामांचा आवाज आला, "इकडून पुन्हा एकडाव या, बाई."

मी पुन्हा धावले. ते फोटो हातात धरून एकदा त्यात आणि एकदा माझ्याकडे बघत होते. ते भिंगसुद्धा विसरले.

"हेच हाये," ते म्हणाले. "बरं झालं. मंग कोनी नाई. घरचीच बाई हाये." आणि थंड झालेला चहा उचलून प्याले.

भासरे खाटेवर मांडी बदलत म्हणाले, "मी तं पयलेपासून म्हनून राह्यलो, तिथी कोनी नव्हता म्हनून."

लग्न ठरलं. विहारापुढच्या मांडवात झालं, पांढऱ्या साडीत नणंद सुरेख दिसत होती. भासरे कॅमेरा घेऊन सगळीकडे पुढं. यावेळी ते धडा शिकले होते. प्रत्येक फोटोच्या आधी ते मोठ्यानं खाकरायचे. वऱ्हाडातल्या बाया एकमेकींना विचारू लागल्या की नवरीच्या भावाला खोकला किती दिवसांपासून आहे.

शेवटी घरच्यांचा फोटो निघाला. नणंदेनं माझं मनगट धरून ठेवलं होतं. भासरे खाकरले. ती सोडेना. पुन्हा खाकरले. मी पदर कानामागं सारला आणि जागची हलले नाही. कटकन आवाज आला.

फोटो धुऊन आला तेव्हा मी दाराआडच होते. भासरे तो आईपुढं धरून बोट दाखवत होते.

"आई, हे मधात कोन बाई हाये वो? मूलवाल्यांकडची हाये का?"