टाकीचे झाकण, टाकीचा पाय

मायबापहो, एका बाईची गोष्ट सांगतो. तिच्या मंडळात तिला सगळे नकाशावहिनी म्हणत. नकाशा हाती घेऊन माळरानातून, झाडीतून एकेक खूण शोधत धावायचे, असा त्या मंडळाचा खेळ. पूर्वी खुणेच्या जागी कापडी निशाण रोवत. आता तिथे काहीच नसते. वहिनी संगणकावर नकाशा उघडून एक ठिपका ठेवत, आणि धावणारा त्या जागेच्या दहा मीटर आत आला की त्याचा फोन टुणकन वाजे. न दिसणाऱ्या देवावर भाव ठेवावा, तसा धावणाऱ्यांचा त्या न दिसणाऱ्या ठिपक्यावर भाव!

मंडळाचा एकच कडक नियम होता. ज्याने ठिपका ठेवला त्यानेच जागेवर जायचे, फोन वाजतो का ते पाहायचे आणि मगच यादीत ‘पाहिले’ असे लिहायचे. दोन वर्षांत वहिनींनी एकही ठिपका जाऊन पाहिला नव्हता. यादीत मात्र ओळीने ‘पाहिले’, ‘पाहिले’, ‘पाहिले’.

जाणार तरी कशा? विजेच्या खांबांवर सरसर चढणारा त्यांचा नवरा दोन वर्षे घरातल्या एकाच खोलीत कमरेखाली लाकूड होऊन पडला होता. दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची. खिडकीपुढे शेजारच्या इमारतीची भिंत. दुपारी वीस मिनिटे काय ते ऊन आत येई. वहिनींचे पाय संगणकाच्या पडद्यावर चालत.

“आज कुठवर गेलीस गं?” नवरा विचारी.

“ओढा ओलांडला. पाण्याच्या उंच टाकीपाशी आहे.”

“आत येताना चपला बाहेर काढ. आत्ताच लादी पुसलीयेस.”

दोघे हसत, आणि तेवढ्या हसण्यावर ती खोली आणखी एक दिवस तग धरी.

शर्यत रविवारी सकाळी होती. शनिवारी दुपारी ऊन आत आले आणि तिवईवरच्या तांब्याची सावली लांब पडली. सावली तांब्याच्या बुडापासून निघाली होती. वहिनी पाहतच राहिल्या. मग झटकन पडद्याकडे वळल्या. आकाशातून काढलेल्या त्या छायाचित्रात उंच टाकीचे गोल झाकण ठसठशीत दिसत होते, आणि सात नंबरचा ठिपका त्यांनी नेमका त्याच्यावर ठेवला होता. पण टाकीची सावली झाकणापासून निघतच नव्हती. ती निघत होती अठरा मीटर अलीकडून. छायाचित्र तिरके घेतलेले, म्हणून टाकी कलंडल्यासारखी उमटली होती. जमिनीवर टाकीचा पाय होता तो अलीकडे. आणि ठिपका? तो जमिनीवर पडत होता तारेच्या कुंपणापलीकडे, जुन्या दगडखाणीच्या कडेवर.

देवा, उद्या सकाळी सगळे त्या कडेकडे धावत जाणार!

“सांगितलं तर हे काम जाईल,” त्या म्हणाल्या. “कधी जाऊन बघितलंच नाही, हे उघडं पडेल. अहो, ठिपका गुपचूप सरकवला तर?”

“नकाशा सगळ्यांच्या फोनवर उतरलाय ना? मग जुनाच ठिपका घेऊन धावतील.” नवऱ्याने मान त्यांच्याकडे वळवली. “मी पडलो त्या दिवशी खांबावर का चढलो, ठाऊक आहे? खालून एक जण म्हणाला, लाइन बंद आहे, मी बघितलंय.”

वहिनींनी फोन उचलला. मंडळाचे चिटणीस पलीकडून गडबडीत बोलले, “वहिनी, ऐन वेळी काय हो? तुम्ही तर सात नंबर पाहिलाय ना?”

“नाही पाहिला. एकही पाहिला नाही. तुम्ही आत्ता जा. पण कुंपणाशी थांबा, पुढे जाऊ नका.”

तासाभराने फोन वाजला. चिटणिसांचा आवाज खाली आला होता. “टाकीखाली फोन गप्प होता. कुंपणाशी वाजला. तार तुटलीय हो तिथं. पलीकडे दोन पावलांवर सरळ खाली पाणी. सात नंबर काढतोय. सगळ्यांना नवा नकाशा पाठवतो.” मग चाचरत म्हणाले, “वहिनी, तुमच्या हाताला तोड नाही. पण नियम... पुढच्या वेळेपासून जाऊन बघू शकेल असं कुणीतरी...”

“बरोबर आहे तुमचं,” वहिनी म्हणाल्या.

रविवारी बेचाळीस जण धावले आणि बेचाळीस परतले. सोमवारी मंडळाचा नकाशा वहिनींच्या संगणकावर उघडेना. दुपारचे ऊन आले, तांब्याला शिवून भिंतीवर चढले आणि गेले.

“आज कुठवर गेलीस गं?” नवऱ्याने सवयीने विचारले, आणि जीभ चावली.

वहिनी उठल्या. एक हात त्याच्या खांद्याखाली, एक कमरेखाली घालून त्यांनी अलगद त्याची कूस बदलली.

“इथंच आहे,” त्या म्हणाल्या.