दौलतभाऊंचा खिसा

दौलतभाऊ गेल्याचा फोन आला, तेव्हा त्यांचीच पँट माझ्या मशीनवर होती. खिसा फाटला म्हणून आदल्याच संध्याकाळी ते ती दुकानात ठेवून गेले होते. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत, असं वहिनींनी सांगितलं. दवाखाना नाही, नळ्या नाहीत... वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, हायसंही वाटलं. घरच्यांना साधं पाणी मागतानाही ज्यांना संकोच व्हायचा, त्यांना अंथरुणावर पडून सेवा करून घेणं जमलंच नसतं.

आरमोरीत माझं शिलाईचं दुकान मैदानाला लागून. मी स्वतः कधी हॉकीची स्टिक धरली नाही, पण दौलतभाऊ खेळायचे त्या दिवशी दुकानाचं शटर अर्ध्यावर यायचं. ते बॅकला खेळत, गोलकीपरच्या पुढे. गोल करणाऱ्यांची नावं गावभर व्हायची. भाऊंच्या स्टिकपाशी येऊन मुकाट थांबलेले चेंडू माझ्यासारखे रिकामटेकडेच लक्षात ठेवायचे. दिवसभर लाकडाच्या डेपोत ओंडके ढकलून आलेला हा माणूस सगळ्यांच्या आधी मैदानात धावायला लागायचा, आणि बक्षिसाच्या वेळी शोधावं तर सायकलवर टांग मारून घरी पोचलेला असायचा. एकदा तर त्यांची सत्काराची शाल मीच घरी नेऊन दिली.

मग चंद्रपूरच्या संघाशी झालेला तो अंतिम सामना. बरोबरी होती, सामना संपत आलेला, आणि भाऊंकडे सरळ येणारा साधा चेंडू... मुरमातल्या एका गोट्यावर आपटून तो त्यांच्या स्टिकवरून उडाला आणि मागून आलेल्या पोराने गोल केला. लोक काय काय बोलले ते लिहीत नाही. भाऊंनी त्याच वर्षी खेळ सोडला. पुढे डेपोतून निवृत्त झाल्यावर, रोज संध्याकाळी गावातल्या पोरींचा हॉकीचा सराव चालायचा तेव्हा, ते मैदानात वाकून गोटे वेचताना दिसू लागले. गोटे खिशात, आणि खिसे भरले की कडुनिंबाखालच्या ढिगावर. म्हणूनच खिसे फाटायचे आणि माझ्याकडे यायचे. मी आतून जाड मांजरपाट लावून द्यायचो, पण शिवताना जीव तुटायचा. एका गोलापायी हा भला माणूस म्हातारपणीही शिक्षा भोगतोय, असंच मला वाटायचं. विचारायची हिंमत होत नव्हती.

ती शेवटची पँट द्यायला आले, तेव्हा मात्र विचारून टाकलं, "भाऊ, थो गोटा अजून मनात बोचून राह्यला का?"

आधी त्यांना कळेचना. मग असे हसले की ठसका लागला. "नाई गा मास्टर. थे तं मी त्याच राती जेवलो अन् विसरलो. खेळ सोडला थो गुडघ्यापायी."

"मंग रोज गोटे काऊन येचता?"

"बिनाकामाचा मैदानात उभा राह्यलो तं लोक खुर्ची आणतेत, माइक देतेत. गोटे येचून राह्यलो तं कोणी काई म्हणत नाई. अन् पोरीयचा खेळ जवळून दिसते."

एवढंच होतं ते... इतकी वर्षं त्यांच्या वतीने मी उगाच वाहिलेलं ओझं तिथल्या तिथे उतरलं. मी चहा मागवला. तो पिऊन ते मैदानाकडे गेले, आणि दुसऱ्या दिवशी तो फोन आला. एक दिवस जरी उशीर झाला असता, तरी मी जन्मभर त्यांची कीव करत बसलो असतो.

शोकसभेत कुणीतरी त्या गोट्याची आठवण काढून हळहळलं. मी मान खाली घालून गालातल्या गालात हसलो. पँट परत द्यायला गेलो, तर वहिनी म्हणाल्या, "राहू द्या तुमच्यापाशीच." ती आता दुकानात खुंटीवर आहे. मध्यंतरी पोरींचा सराव शटरजवळून नीट दिसेना, म्हणून मैदानात गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच. हातांचं काय करावं सुचेना, तेव्हा खाली वाकलो. कुणी काही म्हटलं नाही. तेव्हापासून रोज जातो.

परवा माझ्याच पँटचा खिसा फाटला. आतून जाड मांजरपाट लावला... दुहेरी.